एलईडी टॉर्च निवडताना: आधी काम, मग बटण, मग उजेड आणि सेल

टॉर्च घेताना बहुतेकांचा क्रम उलटा होतो. आधी खोक्यावरचा लुमेनचा, म्हणजे एकूण उजेडाचा, आकडा बघितला जातो, मग किंमत, मग झूम होते का ते. बटण कसं चालतं हे कळतं घरी आल्यावर, तेही बहुधा वीज गेल्यावर. मग अंधारात एकदा दाबलं की डोळे दिपतात, दुसऱ्यांदा दाबलं की मंद होतं, तिसऱ्यांदा लुकलुक सुरू होते, चौथ्यांदा एसओएस, म्हणजे संकटाच्या इशाऱ्याची लुकलुक. बंद करायची तर हे सगळं पुन्हा एकदा. उजेड भरपूर असतो, पण हवा तेव्हा हवा तेवढा मिळत नाही.

म्हणून इथला क्रम वेगळा आहे: काम, बटण, आकडे, उजेडाची जात, सेल, पाणी, आणि शेवटी टॉर्च घरी आणल्यावरची तयारी आणि देखभाल. बटणाच्या टप्प्यावर जास्त वेळ थांबलो आहे. सेल बदलता येतो, चार्जर बदलता येतो, पण बटणाचं वागणं एकदा घेतलं की कायमचं गळ्यात पडतं.

## टप्पा १: काम कागदावर लिहा

तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. किती लांबचं बघायचं आहे? सलग किती तास? हात मोकळे हवेत का?

ढोबळ अंदाज असा. मूल झोपलेलं असताना खोलीत वावरायला १ लुमेनही पुरतो, कधी त्याहून कमी. वीज गेल्यावर टॉर्च टेबलावर उभी करून झोत पांढऱ्या छतावर सोडला, तर ५० ते १०० लुमेनमध्ये साध्या खोलीत जेवणखाण नीट होतं. पायवाटेने चालायला ५० ते १०० लुमेन, दगडधोंड्यांतून गड उतरायला १५० ते ३००. शेताच्या पलीकडच्या बांधावर काय हललं ते बघायचं असेल, तर लुमेनपेक्षा झोताची लांबी महत्त्वाची. तिचा हिशेब पुढे येईल.

मोटर रात्री चालवावी लागणाऱ्या शेतकऱ्याचं काम वेगळंच आहे. त्याला बांधावरून चालायचं असतं, पाण्याच्या दाऱ्यावर माती ओढायची असते, आणि स्टार्टरची पेटी उघडून बघायची असते. तीनही वेळा हातात काहीतरी असतं. त्याने हातात धरायच्या मोठ्या टॉर्चवर पैसे घालण्याआधी डोक्याला बांधायची टॉर्च घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. खुरपं एका हातात आणि टॉर्च दातांत धरून काम करणं धोक्याचं आहे. गड चढणाऱ्यांनाही हेच लागू. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर दोन्ही हात कठड्याला हवेत.

चूक: घर, शेत, ट्रेक, गाडी या सगळ्यांसाठी एकच दणदणीत टॉर्च घेणं. त्याच पैशांत घरात एक लहान साधी आणि बाहेरसाठी एक डोक्याची, अशा दोन घेतल्या तर एक बिघडली तरी दुसरी असते. मोबाइलचा उजेड अडीनडीला ठीक आहे, पण रात्री बाहेर असताना मोबाइलची बॅटरी फोन करण्यासाठी राखून ठेवायची असते.

## टप्पा २: बटण

कसोटी एकच: अंधारात, एका हाताने, बटणाकडे न बघता, घरातल्या कोणालाही टॉर्च लावता आणि बंद करता आली पाहिजे. ज्याने ती विकत घेतली त्याला जमणं पुरेसं नाही. आजीला जमलं पाहिजे, आणि पहिल्यांदाच हातात घेणाऱ्या पाहुण्यालाही.

दुकानात किंवा माहितीपत्रकात पुढच्या गोष्टी याच क्रमाने बघा.

१. एका दाबात चालू, एका दाबात बंद. उजेडाच्या कुठल्याही पायरीवर असली तरी बंद करायला एकच दाब पुरला पाहिजे. प्रत्येक दाबाला पुढची पायरी आणि शेवटी बंद, असं चक्र असेल तर ती टॉर्च तिथेच परत ठेवा. समोरून कोणी आलं आणि त्याच्या डोळ्यांवरचा झोत पटकन विझवायचा असेल, तर असं चक्र कामाचं नाही.

२. पहिली कोणती पायरी लागते? टॉर्चचे इथे दोन प्रकार. काही नेहमी ठरलेल्या पायरीवर लागतात. काही शेवटी वापरलेली पायरी लक्षात ठेवतात. एकटा माणूस वापरणार असेल तर लक्षात ठेवणारी सोयीची. घरात चार जण वापरणार असतील तर ठरलेली पायरी बरी, आणि तीही मंद किंवा मध्यम. मध्यरात्री उठून लावलेली टॉर्च एकदम पूर्ण उजेडावर गेली तर डोळे दिपतात, आणि अंधाराला पुरते सरावायला त्यांना पुन्हा २० ते ३० मिनिटं लागतात.

३. पायऱ्या किती? तीन किंवा चार पुरे. डोळ्याला दुप्पट वाटावा असा उजेड हवा असेल, तर लुमेन साधारण चौपट करावे लागतात. म्हणून ५, ५०, ३०० अशा लांब लांब पायऱ्या उपयोगी पडतात. २००, ३००, ४०० अशा जवळच्या पायऱ्यांतला फरक हातात घेऊन जाणवतही नाही. ‘सात मोड’ हे जाहिरातीत छान दिसतं, पण त्यातले निम्मे लुकलुकणारे असतात.

४. लुकलुक आडबाजूला हवी. फ्लॅश आणि एसओएस हे मुख्य पायऱ्यांच्या रांगेत नसावेत. दोन-तीन वेळा झटपट दाबल्यावर किंवा बराच वेळ दाबून धरल्यावरच ते लागावेत. वेगाने लुकलुकणारा उजेड काही फेफऱ्याच्या रुग्णांना झटका आणू शकतो, आणि चालताना तर तो कोणाच्याही पावलांचा अंदाज चुकवतो.

५. थेट मंद आणि थेट पूर्ण. बंद असताना दाबून धरलं की सर्वात मंद, दोनदा पटकन दाबलं की सर्वात जास्त, ही पद्धत आता बऱ्याच चांगल्या टॉर्चमध्ये सापडते. मला ती सगळ्यांत सुटसुटीत वाटते. अँड्युरिल नावाची, बटणाचं वागणं ठरवणारी खुली प्रणाली ज्या टॉर्चमध्ये असते, त्यांत हेच चालतं: एक दाब चालू-बंद, चालू असताना दाबून धरलं की उजेड हळूहळू वाढतो, बंद असताना धरलं की सर्वात मंद, दोन दाबांत सर्वात जास्त. तिच्यात साधी आणि प्रगत अशा दोन पद्धती असतात. घरच्यांना द्यायची असेल तर साध्या पद्धतीवरच ठेवा. प्रगत पद्धतीवर गेलीच असेल, तर टॉर्च बंद असताना बटण दहा वेळा दाबलं की ती साध्या पद्धतीवर येते.

६. बटण कुठे आणि कसं? शेपटाला खटक्याचं बटण असेल तर ते अंधारात लगेच सापडतं. काही खटक्यांत अर्धवट दाबलं की उजेड आणि सोडलं की बंद असं होतं. क्षणभर डोकावायला हे फार सोयीचं. दुसऱ्या प्रकारात खटका आधी पूर्ण दाबावा लागतो, मग अर्धवट दाबून पायऱ्या बदलतात. दोन्ही चालतात, पण आपण कोणती घेतो आहोत ते माहीत हवं. बाजूच्या नरम बटणाच्या टॉर्च डोक्याला बांधायला आणि एका अंगठ्याने पायऱ्या बदलायला चांगल्या, मात्र बटणाभोवती उंचवटा किंवा खाच हवी. नाहीतर गोल नळीवर ते अंधारात सापडत नाही.

७. कुलूप. पिशवीत दाबली जाऊन टॉर्च आपोआप लागणं ही किरकोळ बाब नाही. ताकदीची टॉर्च कापडाला टेकून पूर्ण उजेडावर राहिली तर कापड जळतं. बटणाचं कुलूप असेल तर ते शिकून घ्या. नसेल तर मागचं झाकण पाव फेरा सैल करा.

तपासा: झाकण पाव फेरा सैल करून बटण दाबा. तरीही लागली तर या टॉर्चच्या आट्यांमधून वीज वाहते आहे, आणि सैल करण्याचा उपाय इथे चालणार नाही. अशी टॉर्च सेल काढूनच पिशवीत ठेवावी.

दुकानातली परीक्षा: डोळे मिटा. टॉर्च उलटसुलट फिरवून हातात घ्या. बटण शोधा, लावा, मंद करा, बंद करा. मग ओल्या बोटांनी हेच करा. शक्य असेल तर सोबतच्या माणसाला काही न सांगता टॉर्च द्या आणि त्याला जमतं का ते बघा. तीन प्रयत्नांत जमलं नाही तर पुढच्या टप्प्यावर जाण्यात अर्थ नाही.

## टप्पा ३: खोक्यावरचे आकडे पारखा

लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. कँडेला म्हणजे झोताच्या मध्यभागाची तीव्रता. जवळ पसरलेला उजेड हवा असेल तर लुमेन बघा, लांबचं बघायचं असेल तर कँडेला.

कँडेलावरून अंतर काढणं सोपं आहे: वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. २,५०० कँडेलाचे १०० मीटर, १०,००० कँडेलाचे २०० मीटर. ‘एएनएसआय एफएल१’ या टॉर्चच्या मोजमापाच्या मानकात याच पद्धतीने अंतर लिहितात. पण त्या अंतरावर पडणारा उजेड असतो फक्त पाव लक्स, म्हणजे स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याइतका. तिथे काहीतरी आहे एवढं दिसेल. कुत्रा आहे की रानडुकराचं पिल्लू ते कळेलच असं नाही. म्हणून छापील अंतराच्या निम्मंच धरून चाला.

त्याच मानकात लुमेन मोजतात टॉर्च चालू केल्यानंतर ३० सेकंदांनी, आणि ‘चालण्याचा वेळ’ मोजतात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे ‘१,००० लुमेन, ३ तास’ याचा अर्थ तीन तास १,००० लुमेन असा नाही. काही मिनिटांत टॉर्च तापते, स्वतःहून ३००-४०० वर उतरते, आणि उरलेला वेळ तिथे काढते. यात फसवणूक नाही. लहान नळीला एवढी उष्णता बाहेर टाकता येत नाही, आणि उतरली नाही तर एलईडीच खराब होते. मात्र किती मिनिटांनी, किती लुमेनवर उतरते हे चांगल्या कंपन्या आलेख काढून देतात. तो आलेख मागा किंवा शोधा.

खोटे आकडे पकडायला एक हिशेब पाठ करून ठेवा. सेलची एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमता भागिले १,०००, गुणिले व्होल्ट म्हणजे वॅट-तास. चांगली एलईडी टॉर्च एका वॅटमागे ढोबळमानाने १०० लुमेन देते. म्हणजे ३,००० एमएएच आणि ३.६ व्होल्टच्या लिथियम सेलमध्ये साधारण १०.८ वॅट-तास. त्यातून १०० लुमेन सुमारे १० तास मिळतील, किंवा ५०० लुमेन सुमारे २ तास. २,००० एमएएचच्या १.२ व्होल्ट पेन्सिल सेलमध्ये २.४ वॅट-तास, म्हणजे १०० लुमेन जेमतेम दोन तास.

आता ‘१०,००० लुमेन, ८ तास, एक सेल’ असं कोणी लिहिलं असेल तर हिशेब करा. ८०,००० लुमेन-तास लागतील, आणि सेलमध्ये आहेत हजारेक. अशा खोक्यावरचा दुसरा कुठला आकडाही खरा मानू नका.

## टप्पा ४: उजेडाची जात

झूम करणारी टॉर्च मुलांना आवडते, दुकानदार दाखवतोही तीच. तिच्यात दोन अडचणी आहेत. सरकणाऱ्या डोक्यातून पाणी आणि धूळ आत जाते; आणि झोत गोळा केला की मध्ये एक ठळक चौकोन आणि भोवती गच्च अंधार. चालणाऱ्याला मधला झोत आणि भोवतालचा फाकलेला उजेड दोन्ही एकाच वेळी लागतात. झोत पाच-सहा पावलं पुढे, आणि फाकलेला उजेड पायाशी. घोणस, फुरसं, मण्यार पायवाटेच्या कडेलाही असू शकतात, नेमके झोताच्या मधोमधच नव्हे. वाटेसाठी साधी, न सरकणारी, खडबडीत परावर्तकाची, म्हणजे एलईडीभोवतीची वाटी खडबडीत असलेली टॉर्च घ्या.

रंगही बघा. केल्व्हिन हे उजेडाच्या रंगछटेचं माप. ६,५०० केल्व्हिनचा निळसर उजेड जास्त भासतो आणि लुमेनचा आकडाही थोडा वाढवतो, पण माती, पालापाचोळा आणि त्यातला साप सगळं एकाच राखाडी छटेत दिसतं. ४,००० ते ५,००० केल्व्हिन बाहेरच्या कामाला उत्तम. स्टार्टर किंवा वायरिंगसाठी टॉर्च हवी असेल तर रंग ओळखण्याचा निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ९० च्या वर असलेली शोधा. लाल, पिवळी, निळी फेज ओळखण्यात चूक परवडत नाही.

तपासा: टॉर्च मंद पायरीवर लावा आणि झोतासमोर बोटं वेगाने हलवा, किंवा मोबाइलचा कॅमेरा झोताकडे धरा. बोटं तुटक तुटक दिसली किंवा पडद्यावर पट्टे सरकले, तर हा उजेड लुकलुकून मंद केलेला आहे. थोड्या वेळाला चालतो. तासभर वाचायला किंवा शिवायला डोळ्यांना त्रास होतो.

धुक्याबद्दल एक गोष्ट. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी डोक्याच्या टॉर्चने समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण थेंबांवरून परतणारा उजेड थेट डोळ्यांत येतो. उजेड वाढवला तर भिंत आणखी पांढरी होते. टॉर्च डोक्यावरून काढून कमरेजवळ धरा, झोत खाली सोडा आणि एक पायरी कमी करा. टॉर्च डोळ्यांपासून जितकी लांब, तितकं पुढचं दिसतं. म्हणून डोक्याचा पट्टा काढून टॉर्च हातात धरता येते का, हेही घेतानाच बघावं.

काजवे बघायला मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीकडे जाणाऱ्यांनी सर्वात मंद पायरी, आणि शक्य असेल तर लाल उजेड वापरावा, तोही पायाशीच. काजवे एकमेकांना शोधतात ते आपल्याच लुकलुकीने. झाडावर पांढरा झोत मारला की त्यांचा हा संवाद तुटतो. एक लुमेनची पायरी असलेली टॉर्च इथे १,००० लुमेनच्या टॉर्चपेक्षा कितीतरी मोलाची.

## टप्पा ५: सेल

तीन मार्ग आहेत, आणि तुम्ही कुठे राहता यावर निवड ठरते.

पेन्सिल सेल. कुठल्याही गावच्या किराणा दुकानात मिळतात, हा मोठा फायदा. साधे सेल टॉर्चमध्ये महिनोन्महिने ठेवले की गळतात आणि स्प्रिंग खातात. टॉर्च क्वचितच वापरणार असाल तर सेल बाहेर काढून, टॉर्चसोबत एकाच पिशवीत ठेवा. रोज वापरणार असाल तर पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे सेल घ्या, त्यांतही चार्ज बराच काळ टिकवणारे.

लिथियम सेल. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी. २१७०० म्हणजे २१ आणि ७०. ताकद आणि वजन यांचा मेळ इथेच उत्तम बसतो. १८६५० या मापाच्या बहुतेक खऱ्या सेलची क्षमता ३,५०० एमएएचच्या आसपास संपते. त्यावर ९,९०० छापलेलं दिसलं तर तो सेल बनावट आहे. दोन-तीन सेल एकामागे एक लागणाऱ्या टॉर्चपेक्षा एका सेलची टॉर्च घ्या. एकामागे एक लावलेल्यांपैकी एक सेल कमजोर पडला की बाकीचे त्याला मर्यादेबाहेर रिकामा करतात, आणि लिथियम सेलच्या बाबतीत ते धोक्याचं आहे.

सावधान: १४५०० हा लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो, पण तो ३.७ व्होल्टचा. १.५ व्होल्टच्या टॉर्चमध्ये घातला तर टॉर्च जळू शकते. घरात दोन्ही असतील तर १४५०० वर ठळक रंगाची चिकटपट्टी लावा.

आत बसवलेली बॅटरी आणि भिंतीत खोचायचा प्लग. खेड्यांत आणि घरोघरी हीच टॉर्च सर्वात जास्त दिसते. तिच्यातल्या बऱ्याच प्रकारांत ४ व्होल्टची शिसं-आम्लाची छोटी बॅटरी असते. ती रिकामी पडून राहिली की मरते. वर्षभर कपाटात ठेवून पावसाळ्यात काढली आणि लागली नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच. महिन्यातून एकदा चार्ज केलीच पाहिजे.

सावधान: स्वस्त प्लगवाल्या टॉर्चमध्ये आतल्या भागांना थेट २३० व्होल्ट पोचलेले असू शकतात. प्लगमध्ये असताना ती लावू नका, ओल्या हाताने धरू नका, आणि उघडून तर अजिबात बघू नका. मुलांना उशाशी घेऊन चार्जिंगला लावू देऊ नका.

यूएसबी-सी चार्जिंगची टॉर्च घेत असाल तर एक बारीक गोष्ट: काही टॉर्च दोन्ही टोकं सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत, कारण त्यांत लागणारे दोन छोटे रोधक (रेझिस्टर) कंपनीने वाचवलेले असतात. दुकानातच आपल्या केबलने दिवा लागतो का बघा. आधीच घेतली असेल तर जुन्या चौकोनी टोकाच्या चार्जरवरून करा, बहुतेकदा चालते.

## टप्पा ६: पाणी आणि पडणं

इथे फार खोलात जायला नको. आयपीएक्स हे पाण्यापासूनच्या बचावाचं मानांकन. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे सोसते. आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. कोकणात, घाटात किंवा विहिरीजवळ वापरायची असेल तर आयपीएक्स७ च्या खालची घेऊ नका. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण नीट बसतं का बघा, कारण पाणी शिरतं ते बहुतेकदा तिथूनच. टेबलावर आडवी ठेवली तर गडगडते का आणि शेपटावर उभी राहते का, हेही दोन सेकंदांत तपासून होतं.

## टप्पा ७: घरी आणल्यावर, वापरायच्या आधी

हाच टप्पा लोक वगळतात. क्रम असा:

१. झाकण उघडा. लिथियम सेलच्या टोकावर बहुधा वाहतुकीसाठी प्लास्टिकची चकती लावलेली असते, ती काढा. ‘नवीन टॉर्च बंदच आहे’ ही तक्रार अनेकदा या चकतीमुळे असते.

२. आटे कोरड्या फडक्याने पुसा. रबरी रिंग फाटलेली किंवा पिळलेली नाही ना बघा, तिला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. खोबरेल किंवा इंजिन तेल लावू नका. काही रबर त्याने फुगतं.

३. पूर्ण चार्ज करा, तुमच्या नजरेसमोर, गादीवर किंवा सोफ्यावर नाही. हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसत असेल तर लगेच काढा.

४. खरा वेळ मोजा. अंधाऱ्या खोलीत टॉर्च छताकडे तोंड करून उभी ठेवा आणि मोबाइलमधलं उजेड मोजणारं ॲप एका जागी ठेवा. तुम्ही जी पायरी रोज वापरणार ती लावा. ३० सेकंद, १० मिनिटं, १ तास, आणि पुढे तासातासाने आकडा लिहा. मोबाइलचा आकडा अचूक नसतो, पण सुरुवातीच्या तुलनेत किती उतरला ते बरोबर कळतं. निम्म्यावर आला ती वेळ म्हणजे तुमच्या टॉर्चचा खरा वेळ. तो कागदाच्या चिठ्ठीवर लिहून टॉर्चला चिकटवा.

५. संपताना काय करते ते बघा. काही हळूहळू मंद होतात, काही इशाऱ्याला एकदा लुकलुकतात, काही क्षणात विझतात. शेवटचा प्रकार असेल तर वाटेवर दुसरा उजेड खिशात हवाच.

६. कुलूप लावायचा आणि काढायचा सराव अंधारात करा. कुलूप लागलेली टॉर्च बिघडलेली समजून लोक पावसात हताश होतात. घरातल्या प्रत्येकाला ते काढता आलं पाहिजे.

७. जागा ठरवा. दाराशी खिळ्याला, किंवा पलंगाशेजारी हाताच्या टप्प्यात. जागा बदलायची नाही. जमिनीवर झोपत असाल तर हे जास्तच महत्त्वाचं: मण्यार रात्री घरात शिरते, म्हणून पाय खाली ठेवण्याआधी उजेड लागला पाहिजे.

तपासा: रात्री घरचे सगळे दिवे बंद करा आणि घरातल्या सर्वात लहान आणि सर्वात थोरल्या माणसाला टॉर्च शोधून लावायला सांगा. जिथे अडखळतात तिथे उपाय करा: बटणावर खरखरीत चिकटपट्टी, दांड्याला पांढरी दोरी, किंवा जागा थोडी खाली.

## टप्पा ८: पुढची देखभाल

महिन्यातून एकदा, वीजबिल भरता त्या दिवशी म्हणा, टॉर्च लावून बघा. लिथियम सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट दाखवतो, ३.७ च्या आसपास आला की निम्मा किंवा त्याहून कमी उरलाय असं समजा, ३.३ च्या खाली गेला की लगेच चार्ज करा. बराच काळ ठेवून द्यायचा असेल तर पूर्ण भरून ठेवू नका, निम्म्यावर ठेवा. बाजूच्या नरम बटणाच्या टॉर्च बंद असतानाही किंचित वीज खात राहतात, म्हणून त्यांचं झाकण सैल करून किंवा सेल काढून ठेवा.

उन्हात उभ्या गाडीत टॉर्च ठेवायची सवय सोडा. विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीतली उष्णता लिथियम सेलला सोसण्यापलीकडे जाते.

सुटा लिथियम सेल खिशात किल्ल्यांबरोबर कधीच नको. दोन टोकं धातूने जोडली गेली की तो क्षणात तापतो. पाच-दहा रुपयांची प्लास्टिकची डबी पुरते. विमानाने जाताना सुटे सेल हातातल्या पिशवीत ठेवायचे असतात, तपासून आत टाकायच्या सामानात नाही.

सेलचं वेष्टण फाटलं असेल, तो फुगला असेल किंवा नीट चार्ज होऊनही दहा मिनिटांत उतरत असेल, तर त्याला आणखी एक संधी देऊ नका. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या गाडीत टाकला तर तो दाबला जाऊन तिथे पेट घेऊ शकतो.